डेटा हलला, पण दहा दिवसाचं बिल जुळलं का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमचा पेपर आमच्या गावच्या डेअरीत रोज येतो, सकाळचं संकलन आटपलं की सेक्रेटरी आणि दोन-तीन संचालक तिथंच बाकावर बसून वाचतात, आणि आसपासच्या गावांतल्या संस्थांमध्येही असंच असणार म्हणून हे पत्र तुम्हालाच लिहितेय. विषय जरा टेक्निकल आहे पण शेवटी तो दूध घालणाऱ्या माणसाच्या पैशाचा आहे, तेव्हा प्लीज पूर्ण वाचा आणि जमलं तर छापा.

मी कऱ्हाड तालुक्यातली, नोकरी पुण्यात, काम डेटाबेसचं. आई अजून गावी आहे, दोन म्हशी आणि एक गाय, पहाटे पाचला ती डेअरीवर दूध घालते. आमच्या संस्थेचे साधारण अकराशे सभासद, दोन्ही वेळचं संकलन, म्हणजे दिवसाला बावीसशे पावत्या, वर्षाला आठ लाख. सहा वर्षांपूर्वी ज्यांनी सॉफ्टवेअर बसवून दिलं त्यांनी सगळ्या नोंदी क्लाउडवरच्या डेटा वेअरहाउसमध्ये ठेवल्या. यंदा करार संपत आला तेव्हा संचालकांनी ठरवलं की आता रेकॉर्ड साध्या रिलेशनल डेटाबेसमध्ये, पोस्टग्रेसमध्ये आणायचं, आणि त्या कामात मी आणि माझे दोन सहकारी सुट्टीच्या दिवशी मदत करत होतो.

आता वेअरहाउस आणि डेटाबेस यात फरक काय ते सांगते, कारण बैठकीत सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न आला. डेअरीची वही डोळ्यासमोर आणा. एका ओळीत तारीख, सभासद नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर, रक्कम. रिलेशनल डेटाबेस ही ओळ एकत्र ठेवतो आणि पुस्तकाच्या मागं सूची असते तसा इंडेक्स ठेवतो, सभासद नंबर सांगितला की थेट त्या पानावर जातो. वेअरहाउसमध्ये वही उभी फाडल्यासारखी असते, सगळ्या फॅट एका गठ्ठ्यात, सगळे लिटर दुसऱ्या गठ्ठ्यात. अख्ख्या वर्षाची सरासरी फॅट काढायची तर ही पद्धत जबरदस्त, एकच गठ्ठा उचलायचा आणि मोजायचा, बिगक्वेरी, रेडशिफ्ट, स्नोफ्लेक ही सगळी वेअरहाउस याच पद्धतीवर उभी आहेत आणि जिल्हा संघाला कोट्यवधी नोंदींचा हिशोब काढायचा असेल तर तेच योग्य हत्यार आहे. पण काउंटरवर उभ्या असलेल्या एका बाईला तिचं कालचं दूध दाखवायचं तर प्रत्येक गठ्ठ्यात हात घालावा लागतो. आणि जेवढा डेटा वाचला तेवढे पैसे असा हिशोब असेल तर साध्या टेबलात फक्त दहा ओळी दाखव असं सांगितलं तरी ते कॉलम पूर्ण वाचले जातात आणि बिल तेवढ्याचंच येतं. एका पावतीतली फॅट दुरुस्त करायची तरी डेटाचा मोठा तुकडा नव्यानं लिहिला जातो. आमचा सहा वर्षांचा सगळा डेटा दीड जीबीसुद्धा भरत नाही हो, माझ्या फोनमध्ये याच्यापेक्षा जास्त फोटो आहेत. पोस्टग्रेस १९८६ साली बर्कली विद्यापीठात सुरू झालेल्या कामातून आलेलं, फुकट आहे, आणि एवढा डेटा ते एका साध्या कॉम्प्युटरवर सहज सांभाळतं.

तर हलवायचं ठरलं. बाहेर काढणं सोपं होतं, एक्स्पोर्ट करून फाइली स्टोरेजमध्ये टाकल्या, तिथून उतरवल्या, एक संध्याकाळ. एकच अडचण आली, कपाती. पशुखाद्य, उचल, शेअर्स, या सगळ्या कपाती एकाच नोंदीच्या पोटात यादी करून ठेवलेल्या होत्या आणि अशी पोटातली यादी सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामानं कॉलम वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, येत नाही, ती आधी उलगडून वेगळं टेबल करावं लागलं. तेही झालं.

खरी गंमत नव्हे, खरी काळजी पुढं सुरू झाली. पोस्टग्रेसमध्ये आम्ही मशीन नंबर, पावती नंबर, तारीख आणि वेळ मिळून प्रायमरी की ठेवली, म्हणजे एक पावती एकदाच. लोड लावला, म्हणजे फाइली आत घ्यायला सुरुवात केली, आणि पहिल्याच फाइलला थांबला, डुप्लिकेट की, म्हणजे तीच पावती दुसऱ्यांदा. त्यात एक ओळ जरी अडली तरी अख्खी फाइल परत फिरते. माझा सहकारी म्हणाला, ती प्रायमरी कीच काढून टाकू, आधी सगळं आत घेऊ, मग बघू. इथंच बऱ्याच ठिकाणी चूक होते असं मला मनापासून वाटतं. वेअरहाउसमध्ये प्रायमरी की लिहिता येते पण साधारणपणे ती पाळली जात नाही, कागदावर नियम असतो पण दारात कोणी उभं नसतं. आमच्या केंद्रावर नेट गेलं की मशीन पावती परत पाठवायचं, आणि दोन्ही आत जायच्या. अशा दुबार पावत्या साडेतीन हजारांच्या वर निघाल्या. लोड थांबला म्हणजे काम बिघडलं नव्हतं, सहा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी दारात उभं राहून विचारलं होतं.

मग दुसरा प्रश्न, दुबार म्हणजे नक्की काय? काही सभासद खरोखर दोन कॅन घेऊन येतात, एक म्हशीचं एक गायीचं, त्यांच्या दोन पावत्या खऱ्या असतात. तेव्हा नुसतं सारखं दिसतंय म्हणून उडवून चालत नाही. आम्ही सगळं आधी एका कच्च्या टेबलात घेतलं, सगळे कॉलम नुसता मजकूर म्हणून, कुठलाही नियम न लावता, आणि मग तिथून तपासून तपासून पक्क्या टेबलात, अगदी रोजकीर्दीवरून खतावणी करतात तसं. आणि सेक्रेटरींची हातानं लिहिलेली वही मागवली. त्यांनी बिल काढायच्या आधी यातल्या बहुतेक दुबार पावत्या वहीत लाल पेननं खोडलेल्या होत्या. माणसाच्या वहीत बरोबर होतं आणि कॉम्प्युटरमध्ये चुकीचं होतं, आणि आम्ही जर वही न बघता कॉम्प्युटरवर विश्वास ठेवला असता तर ती चूक कायमची पक्की झाली असती.

आता जे सांगायला हे पत्र लिहायला बसले ते.

दुबार पावत्या काढल्या, बाकीचं लोड झालं, पावत्यांची संख्या दोन्हीकडं जुळली, सहा वर्षांचे लिटर जुळले, रक्कम काही पैशांच्या फरकानं जुळली. सगळे खूश. पण मी हट्टानं आईचं एक बिल काढून बघितलं, ११ ते २० तारखेचं, तर तिच्या घरच्या पावत्यांपेक्षा ७०० मिली कमी. सातशे मिली, एवढंच. सगळे म्हणाले पावती हरवली असेल. आई पावत्या डब्यात तारखेवार दोरा बांधून ठेवते, हरवायचा प्रश्नच नव्हता.

दोन रात्री गेल्या शोधण्यात. वेअरहाउसमध्ये वेळ जागतिक वेळेनुसार, यूटीसीमध्ये साठवलेली होती, आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढं. जुन्या रिपोर्टमध्ये ते साडेपाच तास मिळवायची सोय होती, आमच्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे डेटा हलवायच्या छोट्या प्रोग्राममध्ये, आम्ही त्या वेळेवरून थेट तारीख काढली, चूक आमचीच. म्हणजे झालं काय, पहाटे पाचला घातलेलं दूध यूटीसीत आदल्या रात्री साडेअकराचं होतं, तारीख एक दिवस मागं जाते. साडेपाचनंतर आलेल्यांचं सगळं बरोबर, त्याच्या आधी आलेल्यांचं सगळं सकाळचं दूध एक दिवस मागं. रोज दोन पावत्या दिसतातच, एक सकाळची एक संध्याकाळची, त्यामुळं कोणालाच शंका येत नाही, फक्त सकाळची पावती उद्याची असते. महिन्याचा आकडा जवळपास तोच, सहा वर्षांचा आकडा तंतोतंत तोच. पण बिल १०, २० आणि महिन्याअखेरीला तुटतं, आणि आईचं ११ तारखेचं सकाळचं साडेसहा लिटर मागच्या बिलात गेलं आणि २१ तारखेचं पाच लिटर आठशे या बिलात आलं. फरक सातशे मिली.

पहाटे साडेपाचच्या आत डेअरीवर कोण येतं ते सांगायला नको. ज्यांना पहिली एसटी पकडून कामाला जायचंय ते, ज्यांना दूध घालून रोजानं दुसऱ्याच्या शेतावर जायचंय त्या बाया. सगळ्या टोटल जुळत होत्या, फक्त यांचीच बिलं चुकत होती. म्हणून मी म्हणते की टोटल जुळली म्हणजे डेटा जुळला असं कोणी सांगितलं तर मान्य करू नका, माणसाचं बिल काढा आणि त्याच्या घरच्या पावत्यांशी लावून बघा. आम्ही आता पावतीवर तारीख आणि सकाळ-संध्याकाळ हे वेगळे कॉलम केलेत आणि खरी वेळ टाइमझोनसकट ठेवलीय, आशिया कोलकाता म्हणून, कॉम्प्युटरमध्ये आपल्या भारतीय वेळेचं ते नाव.

रकमेतला तो पैशांचा फरकही सोडला नाही. दर आणि फॅट फ्लोट प्रकारात होते, म्हणजे कॉम्प्युटर दशांश अंदाजे धरतो, तिथं ०.१ आणि ०.२ ची बेरीजसुद्धा नेमकी ०.३ येत नाही, शेपटाला काहीतरी राहतंच. पैशासाठी दशांश नेमका ठेवणारा न्यूमेरिक प्रकार वापरायचा, आणि पूर्णांक करायचं ते पावतीला की बिलाला हे संस्थेनं ठरवायचं, प्रोग्रामरनं नाही. पावतीमागं एक पैसा, दहा दिवसात वीस पावत्या, वीस पैसे, आणि अकराशे सभासद. आमच्याकडं पावतीलाच ठरलेलं होतं, ठरावाच्या वहीत सापडलं.

आणखी एक आपल्या भाषेचीच गोष्ट. सभासदांची नावं आणि गावं प्रत्येक पावतीत परत परत लिहिलेली होती, ती वेगळी काढून सभासदांचं एक टेबल केलं तर कऱ्हाड हे गाव तीन वेळा आलं. डोळ्याला तिन्ही सेम टू सेम. पण त्यातला ऱ तीन प्रकारे टाइप झालेला होता, एकात तो एकच अक्षर म्हणून, दुसऱ्यात र खाली नुक्ता देऊन, तिसऱ्यात साधा पाय मोडलेला र आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह. कॉम्प्युटरला ही तीन गावं. आडनावात ऱ्हे, ऱ्या असलेल्या सभासदांची अशीच दोन-दोन खाती झाली असती. पहिले दोन प्रकार पोस्टग्रेसमधल्या नॉर्मलाइझ फंक्शननं, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं सारखी करणाऱ्या सोयीनं, एक होतात, तिसरा हातानं बदलावा लागतो. आणि कृपा करून सीएसव्ही फाइल मध्येच एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका, सभासद नंबरची पुढची शून्यं जातात, आणि १०,४८,५७६ ओळींच्या पुढचं त्यात बसतच नाही.

एवढं सगळं झाल्यावरही आम्ही जुनं लगेच बंद केलं नाही. एक महिना, म्हणजे तीन बिलं, दोन्हीकडून काढली आणि प्रत्येक सभासदाची रक्कम शेजारी-शेजारी लावली. पहिल्या बिलात एकोणीस जणांचा फरक आला, दुसऱ्यात दोघांचा, तिसऱ्यात कोणाचाच नाही. मग बॅकअप घेतला, आणि तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर परत उभा करून बघितला, कारण उभा करून न बघितलेला बॅकअप मला विश्वासाचा वाटत नाही.

संचालक मंडळींना माझी विनंती आहे. करार करतानाच लिहून घ्या की आमचा सगळा डेटा, कपातींसकट, आम्ही मागू तेव्हा उघडता येईल अशा फाइलमध्ये मिळेल, आणि कुठला कॉलम म्हणजे काय, वेळ कुठल्या टाइमझोनची, हे कागदावर मिळेल. हे काही जगावेगळं मागणं नाही. युरोपात डेटा ॲक्ट नावाचा कायदा सप्टेंबर २०२५ पासून लागू झालाय, त्यात क्लाउड बदलायचा हक्क दिलाय आणि जानेवारी २०२७ पासून त्यासाठी पैसे घेता येणार नाहीत. २०२४ मध्ये गुगल, अ‍ॅमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट तिघांनीही कायमचं सोडून जाणाऱ्यांना डेटा बाहेर काढायचा चार्ज माफ करायचं जाहीर केलं, अटी आहेत, त्या वाचून घ्या. आणि काम पूर्ण झालं अशी सही करायच्या आधी पहाटे पहिल्या येणाऱ्या पाच सभासदांची बिलं हातानं काढून बघा. तुमच्या पेपरात हे आलं तर आमच्यासारख्या दहा संस्था तरी विचारतील.

आमचं अजून सगळं संपलेलं नाही. २०१९ मधल्या एकेचाळीस कपातींना सभासद नंबरच नाही, त्या कोणाच्या ते जुन्या इमारतीत ठेवलेल्या रजिस्टरमध्ये सापडेल असं सेक्रेटरी म्हणतात. या रविवारी सकाळचं संकलन झालं की ते कुलूप उघडणार आहेत, मी शनिवारच्या शेवटच्या एसटीनं गावी येतेय.

आपली,
एका दूध उत्पादक सभासदाची मुलगी,
ता. कऱ्हाड, जि. सातारा