गोधडीला ‘मजबूत’ दोरा नको

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

घरच्या यंत्रावर गोधडी कशी शिवावी, याविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख आमच्या गल्लीत तीन घरांत वाचला गेला आणि त्यातल्या दोन घरांत त्यावर वाद झाला. जुन्या साड्या भांडेवालीला देण्याऐवजी त्यांची गोधडी करावी, या सांगण्याशी माझे काहीच भांडण नाही. परंतु गोधडी जाड असते, म्हणून दोरा मिळेल तितका मजबूत घ्यावा आणि टाका घट्ट बसवावा, असा जो सल्ला त्यात दिला आहे तो मला मान्य नाही. आणि मान्य का नाही, याचा पुरावा माझ्या घरात कपाटाच्या वरच्या कप्प्यात घडी घालून ठेवलेला आहे.

आईची दोन सुती लुगडी आणि वडिलांचे एक धोतर घेऊन सहा वर्षांपूर्वी मी एक गोधडी यंत्रावर शिवली. दोरा पॉलिएस्टरचा होता, हाताने तोडायला गेले तर बोट कापेल असा, आणि तेव्हा मला त्याचे कौतुकच वाटले होते. तिसऱ्या हिवाळ्यात लुगड्याचे कापड बरोबर शिवणीच्या रेषेवर उसवल्यासारखे दिसू लागले. भिंग घेऊन पाहिले, तेव्हा दोरा एकाही ठिकाणी तुटलेला नव्हता. तो रिळावरून आत्ताच काढल्यासारखा चकाकत होता आणि त्याच्या दोन्ही अंगांना लुगड्याचे विरलेले धागे मात्र केसांसारखे उभे राहिले होते. धुताना, पिळताना आणि झोपेत पाय ताणताना जो ओढा बसतो, तो कोणी तरी सोसायचाच असतो. तिथे दोरा हार मानत नसेल तर कापड मानते. दोरा तुटला असता तर तेवढीच शिवण मी दुपारच्या चहाआधी पुन्हा घातली असती. फाटलेल्या लुगड्याला ठिगळाशिवाय उपाय नाही.

पॉलिएस्टरचा दोरा वाईट असतो, असे माझे म्हणणे नाही. नव्या, घट्ट विणीच्या कापडाची गोधडी असेल किंवा लहान मुलाची दुपटी रोज धुवायची असतील, तर तो उत्तम चालतो, आणि जाणकारांतही याबद्दल दोन मते आहेत. पण खान्देशात आपण गोधडी बहुधा वापरून विरलेल्या सुती कापडाची करतो. त्या कापडात जोर किती उरला आहे हे आधी पाहावे, आणि दोरा त्याहून थोडा हलकाच निवडावा. नायलॉनचा पारदर्शक दोरा तर घेऊच नये. सुती कापडासाठी तापवलेल्या इस्त्रीखाली तो वितळू शकतो, आणि वर्षानुवर्षे गच्चीवर ऊन खाऊन ठिसूळ होतो.

दुकानात ‘जाड दोरा द्या’ असे न म्हणता नंबर मागावा. वडील अमळनेरच्या गिरणीत कताई खात्यात होते, त्यामुळे सुताचा काउंट हा शब्द आमच्या घरात मिठा-तिखटाइतका नेहमीचा होता. ८४० वारांची एक लड, आणि एका पौंडात अशा जितक्या लडी बसतील तितका त्या सुताचा काउंट, हा हिशेब ते आम्हाला जेवताना समजावत. म्हणून सुती दोऱ्याचा आकडा वाढला की दोरा बारीक होतो. ६० नंबरचा दोरा ४० पेक्षा नाजूक असतो. रिळावर ४०/३ असे छापलेले असेल, तर पुढचा ३ म्हणजे पिळलेल्या पदरांची संख्या. ज्या रिळावर टेक्स लिहिलेले असते, त्याचा हिशेब मात्र नेमका उलटा आहे, कारण टेक्स म्हणजे १,००० मीटर दोऱ्याचे ग्रॅममधील वजन, आणि तिथे मोठा आकडा म्हणजे जाड दोरा. जुन्या साड्यांच्या तीन-चार थरांसाठी ४० किंवा ५० नंबरचा तीनपदरी मर्सराइज्ड सुती दोरा मला सर्वांत योग्य वाटतो. कॉस्टिक सोड्याच्या प्रक्रियेने तो गुळगुळीत झालेला असतो आणि सुईच्या नाकातून विनातक्रार धावतो. शक्यतो तोच दोरा बॉबिनलाही, म्हणजे यंत्राच्या पोटातल्या खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळालाही, भरावा.

सुती म्हणून घेतलेला दोरा सुतीच असेल, हे मात्र धरून चालू नये. शहरातल्या एका दुकानातून मी आणलेल्या सहा रिळांवर इंग्रजीत ‘कॉटन’ असे ठळक छापलेले होते. वीतभर दोरा काडीला लावला, तर तो आक्रसत गेला आणि टोकाशी काळा, कडक मणी तयार झाला. सुती दोरा कागदासारखा वास देत जळतो आणि त्याची राख चिमटीत विरून जाते. दुकानदाराने रिळे परत घेतली नाहीत. तेव्हापासून आधी एकच रीळ विकत घेऊन दुकानाच्या पायरीवरच काडी ओढण्याची सवय मी लावून घेतली आहे.

आपल्याकडच्या हवेची एक अडचण लेखात यायला हवी होती. गोधडीचे काम निघते ते उन्हाळ्यात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, कपाटे उपसली जातात, धुतलेली कापडे तासाभरात खडखडीत वाळतात. पण जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा हवा इतकी कोरडी असते की सुती दोरा वारंवार तुटतो. कापसाचा तंतू ओलावा शोषून अधिक बळकट होतो आणि कोरडा पडला की कमजोर. गिरणीत कताई खात्याची हवा मुद्दाम दमट ठेवत, ती याचसाठी. घरी एवढा खटाटोप नको. मी रीळ रात्रभर माठाच्या तिवईखाली वाटीत ठेवते, पाण्यात बुडवत नाही, आणि सकाळच्या गारव्यात शिवायला बसते. दुपारी ज्या दोऱ्याने दहा वेळा दगा दिलेला असतो, तोच सकाळी एक अख्खी ओळ निमूटपणे जातो.

सुईबद्दल थोडक्यात लिहिते. घरगुती यंत्राच्या पाकिटावर ९०/१४ किंवा १००/१६ असे आकडे असतात. त्यातला ९० म्हणजे ०.९० मिलिमीटर जाडी. मी आधी सांगितलेल्या दोऱ्याला १४ नंबरची सुई पुरते, थर वाढले तर १६. बारीक सुईत दोरा घासून पिंजतो आणि गरजेपेक्षा जाड सुई विरलेल्या साडीला कायमची भोके ठेवते. एका गोधडीला एक नवी सुई वापरावी.

ताणाबद्दल, म्हणजे ज्याला आपण सगळे ‘टेन्शन’च म्हणतो त्याबद्दल, लेखातला ‘घट्ट’ हा शब्द सर्वांत जास्त नुकसान करणारा आहे. गोधडीत जे थर घालणार आहोत तेच घालून तळहाताएवढा एक नमुना करावा. वर लाल दोरा आणि बॉबिनमध्ये पांढरा दोरा ठेवून त्यावर चार ओळी शिवाव्यात. वरच्या बाजूला पांढरे ठिपके डोकावत असतील तर वरचा ताण जास्त आहे. खालच्या बाजूला लाल फासे लोंबत असतील तर तो कमी आहे. दोन्ही दोऱ्यांची गाठ थरांच्या पोटात पडली पाहिजे, म्हणजे वरून फक्त लाल आणि खालून फक्त पांढरा. खाली गुंताच झाला, तर बहुतेक जणी बॉबिनकेसचा स्क्रू पिळायला घेतात, आणि दोष बहुधा वरच असतो: फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा यंत्राचा पाय, खाली असताना दोरा ओवला, तर तो ताणाच्या चकत्यांमध्ये बसतच नाही. फूट उचलावे, दोरा पूर्ण काढून पुन्हा ओवावा. बॉबिनकेसच्या स्क्रूला हात लावायचाच झाला, तर त्याची आधीची जागा पेनाने खूण करून ठेवावी आणि पाव फेऱ्याच्या पुढे जाऊ नये. पॉलिएस्टरचा दोरा घट्ट ताणाखाली लांबतो, आणि यंत्रावरून उतरल्यावर पुन्हा आखडून कापडाला चुण्या पाडतो. त्या चुण्यांना आपण उगाच कापडाचा दोष समजतो.

टाका लहान म्हणजे पक्का, हा समजही सोडावा लागेल. पावतीपुस्तकाचे पान जिथे फाटावे अशी इच्छा असते, तिथेच जवळजवळ भोकांची ओळ पाडलेली असते. विरलेल्या साडीवर ३ मिलिमीटरचा टाका, म्हणजे इंचाला साधारण आठ टाके, पुरेसे आहेत. नव्या कापडावर अडीच मिलिमीटर चालेल, म्हणजे इंचाला दहा. त्यासोबत फुटाचा दाब कमी करावा. काळ्या पायमशीनवर फुटाच्या दांड्याच्या माथ्यावरचा स्क्रू डावीकडे सैल फिरवला की तो कमी होतो. दाब जास्त राहिला तर खालचे दाते अस्तर पुढे ओढतात, वरची साडी मागे साचते आणि शेवटच्या ओळीला चार बोटे कापड जास्तीचे उरते. त्यासाठी आधी वीत-वीत अंतरावर कच्चे टाके घालून मध्यापासून कडेकडे शिवत जावे. सुती दोऱ्याचा भुगा दात्यांखाली आणि शटलमध्ये साचतो, तोही दर दोन-तीन बॉबिननंतर ब्रशने काढावा. आणि जे थर फुटाखाली सरकवताना हाताने ढकलावे लागतात, त्यांच्यासाठी यंत्राचा हट्ट सोडून मोठी सुई आणि धावदोरा घ्यावा, हे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या आज्यांच्या सहा-सात थरांच्या गोधड्या यंत्राने शिवलेल्या नव्हत्या.

पुढच्या पुरवणीत या विषयावर पुन्हा काही छापणार असाल, तर दोऱ्याचा नंबर, सुईचा नंबर आणि टाक्याची लांबी हे तीन आकडे लेखासोबत अवश्य द्यावेत, ही विनंती. आईच्या लुगड्यांची ती गोधडी मी सध्या ब्लेडने उसवते आहे. एक लुगडे वाचण्यासारखे आहे. दुसऱ्याचे काठ निघतील, तेवढे वरच्या बाजूला लावून, ५० नंबरच्या सुती दोऱ्याने, इंचाला आठ टाके घालून ती पुन्हा शिवायची आहे.

आपली नम्र,
एक वाचक,
अमळनेर, जि. जळगाव