स्पेस चार्ज ओळखायला शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सादर नमस्कार.

फोनवर तुमचे आभार मानून झाले आहेत. तरी हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे. वायूंवर पंप-प्रोब प्रयोग (एका लेझर पल्सने, म्हणजे पंपने, रेणूत बदल घडवायचा आणि थोड्या वेळाने दुसऱ्या पल्सने, म्हणजे प्रोबने, तो तपासायचा) करणाऱ्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्यापर्यंत स्पेस चार्जबद्दल, म्हणजे वायूत साचलेल्या विद्युतभाराने मोजमाप बिघडतं त्याबद्दल, तुम्ही सांगितलेलं पोहोचावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आमचं कोडं तुम्हाला आठवत असेल. 400 नॅनोमीटरच्या पल्सने ब्रोमीनचा रेणू तोडायचा. मागून 800 नॅनोमीटर लेझरच्या पंधराव्या हार्मोनिकची (पंधरापट वारंवारतेच्या प्रकाशाची), म्हणजे साधारण 23 इलेक्ट्रॉन-व्होल्टची पल्स पाठवायची आणि सुटलेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजायची. रेणू शंभरेक फेम्टोसेकंदांत तुटतो, त्यानंतर स्पेक्ट्रम, म्हणजे त्या ऊर्जांचा आलेख, शांत व्हायला हवा. आमचे पीक (आलेखातली शिखरं) मात्र पुढे कितीतरी पिकोसेकंद (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेम्टोसेकंद) कमी ऊर्जेकडे सरकतच होते. रेणूचंच हे काही वेगळं वागणं आहे, असं गटातल्या काहींना वाटत होतं. तुम्ही ना आमच्या गटातल्या, ना तुमचं नाव पेपरवर येणार होतं. तरी तुम्ही ग्राफ मागवून घेतले आणि पहिलंच विचारलंत, "एका शॉटला आयन किती होतात?" म्हणजे लेझरच्या एका पल्सला किती अणू-रेणू इलेक्ट्रॉन गमावून धनभारित होतात.

चेंबरमधल्या करंटवरून हिशोब केला तेव्हा आकडा दहा हजारांच्या घरात निघाला. मग तुम्ही फोनवरच गणित मांडलंत. एक इलेक्ट्रॉन आणि एक आयन 100 मायक्रोमीटरवर असतील तर त्यांच्यातली ओढ जेमतेम 14 मायक्रो-इलेक्ट्रॉन-व्होल्टची, म्हणजे नगण्य. पण तेवढ्याच त्रिज्येच्या ढगात 10,000 आयन असतील, तर कडेवरून निसटणाऱ्या इलेक्ट्रॉनला 0.14 इलेक्ट्रॉन-व्होल्ट खर्चावे लागतात. तुलनेला, आर्गॉन वायूच्या दोन जुळ्या पीकमधलं अंतर 0.18 इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. एवढ्याने त्या दोन्ही एकमेकींत मिसळून जाऊ शकतात.

पण हे सरकणं पिकोसेकंदांचं का, ते मला त्या रात्री तुमच्याकडूनच कळलं. पंप पल्सने रेणूंतून काढलेले इलेक्ट्रॉन मंद असतात. 1 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या इलेक्ट्रॉनला 100 मायक्रोमीटर ओलांडायला जवळजवळ 170 पिकोसेकंद लागतात. तोवर ढगात धन-ऋण दोन्ही भार एकत्र असतात, म्हणून ओढ जाणवत नाही. इलेक्ट्रॉन बाहेर पडत जातात तसतसा मागे नुसता धनभार उरतो. आयन तर जागचे हलतच नाहीत म्हणा ना, कारण खोलीच्या तापमानाला आर्गॉनचा अणूसुद्धा एका नॅनोसेकंदात अर्धा मायक्रोमीटर जात नाही. त्यामुळे प्रोब जितका उशिरा येईल तितकी ओढ जास्त, आणि आलेख दिसतो थेट रेणूच्या हालचालीसारखा. इतकं साधं आणि इतकं फसवं स्पष्टीकरण मी याआधी ऐकलं नव्हतं.

तुम्ही स्वतः घन पदार्थांच्या फोटोएमिशनमधल्या, म्हणजे प्रकाशाने घन पदार्थांतून इलेक्ट्रॉन काढण्याच्या क्षेत्रातल्या. तिथले तयार सूत्र देऊन मोकळं होता आलं असतं. उलट तुम्हीच बजावलंत की ते इथे लावू नका. धातूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनांचा थवा एकमेकांना ढकलतो आणि धातूतला प्रतिमाभार (त्यांच्यामुळे धातूत उमटणारा विरुद्ध भार) त्यांना मागे ओढतो. वायूत खरा भार आयनांचा, आणि तो जागेवर बसून राहतो. आपल्याच क्षेत्रातल्या सूत्राची मर्यादा इतक्या स्वच्छपणे सांगणारी माणसं मला फार भेटलेली नाहीत.

मग तुमचा आर्गॉनचा सल्ला. ब्रोमीनमध्ये थोडा आर्गॉन मिसळा, म्हणालात. 400 नॅनोमीटरच्या फोटॉनने आर्गॉनचं आयन करायला सहा फोटॉन लागतात, ब्रोमीनला चार पुरतात. म्हणजे पंपला आर्गॉनशी जवळपास देणंघेणं नाही, त्याची पीक हलायलाच नको. ती हलली, आणि डिलेप्रमाणे, म्हणजे पंप व प्रोबमधल्या वेळेप्रमाणे, अगदी ब्रोमीनसारखीच हलली! ते सरकणं वजा केल्यावर ब्रोमीनची पीक सपाट झाली आणि सुरुवातीच्या शंभरेक फेम्टोसेकंदांतली अणूंची वाढ तेवढी उरली. आम्हाला जे मोजायचं होतं ते हेच.

पंप निम्मा करा, हेही तुम्हीच सुचवलंत. रेणू तोडायला एक फोटॉन पुरतो, म्हणून तो सिग्नल निम्माच होतो. चार फोटॉनांनी होणारे आयन मात्र कागदावर सोळाव्या हिश्श्यावर येतात. मोजायला वेळ वाढला, तो आम्ही आनंदाने दिला. पुढे 100 किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला एक लाख शॉट देणाऱ्या, लेझरवर गेलो, तर 1 किलोहर्ट्झला शॉटमागे 10,000 इलेक्ट्रॉन घेऊन जेवढे काउंट्स मिळत होते तेवढेच शॉटमागे शंभरात मिळतील.

दिवसभर स्वतःचं काम उरकून, जेवणं झाल्यावर तुम्ही माझ्याशी तासतासभर बोललात. "हे तुला माहीत असायला हवं होतं" असं एकदाही म्हणाला नाहीत. मी विचारलेला प्रत्येक प्रश्न तुम्ही नीट ऐकून घेतलात, आणि काही तर मला परत विचारायला लावलेत, जास्त नेमके करून.

आमच्या प्रयोगशाळेत आता प्रत्येक फाइलच्या माथ्यावर शॉटमागे किती आयन झाले ते लिहिलं जातं, आणि आर्गॉनची एक रन रोज होते. येत्या हंगामात आमची एक नवी विद्यार्थिनी कार्बन डायसल्फाइडवर काम सुरू करते आहे. तुमची परवानगी असेल तर तिचा पहिला फोन तुम्हालाच येईल.

तुमचा कृतज्ञ,
एक संशोधक विद्यार्थी