विशारदनंतरचा रियाज

दर्यापूर तालुका, जि. अमरावती

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

विशारद झाल्यावर संगीतोपचारासाठी आणखी काय शिकायचं, असं तू विचारलंस. गाणं तुझ्यापाशी आहेच गा, रियाज मात्र निराळा करावा लागेल.

आमच्याकडे लकव्यातून उठलेले एक काका चालायला शिकताहेत. मी आधी खंजिरीला हात लावत नाही, मिनिटाला त्यांची पावलं मोजतो. ६० भरली तर लय ६०चीच. पाय तिच्यात बसले की पाच-दहा टक्क्यांनी वर, म्हणजे ६३, मग ६६. ठेका केरव्याचा. दादऱ्यात तीन-तीन मात्रांमुळे जोर एकदा डाव्या पायावर पडतो, एकदा उजव्यावर, आणि चालणारा गोंधळतो. तिहाई नाही, उठाण नाही, ठेक्यात कसलीच सजावट नाही. तुझ्या तयार हाताला दहा मिनिटं साधा ठेका धरणं जड जाईल, पण त्याचाच रियाज कर. मेट्रोनोम, म्हणजे लय मोजून देणारं यंत्र, लाव आणि ६० वरून ६६ वर असा सरक, की ऐकणाऱ्याला कळूही नये. अमेरिकेत संशोधक मायकेल थॉट यांनी या पद्धतीवर फार मोलाचं काम केलं आहे.

दुसरं काम कानाचं. वाचा गेलेला माणूस कधी कधी भजन मात्र शब्दांसकट म्हणतो. त्याच आधारावर १९७३ साली बोस्टनच्या मंडळींनी एक उपचार मांडला: रोजचं वाक्य दोन सुरांत गायचं आणि अक्षरागणिक डाव्या हाताने थाप द्यायची. सूर आपल्या मनाचे नाही लावायचे. इथला माणूस ‘पानी दे’ म्हणताना आवाज कुठे चढवतो, तो चढच धरायचा.

पेटीवर एकच भजन बाराही सुरांतून वाजवता आलं पाहिजे. आजारपणात माणसाचा आवाज खाली बसतो. त्याचा सूर सापडला की पेटी तिथे न्यायची, त्याला आपल्या काळी दोनवर, म्हणजे आपल्या सोयीच्या पट्टीवर, ओढायचं नाही.

अमुक रोगाला अमुक राग, अशा याद्यांवर माझा भरवसा नाही. ज्याच्या कानावर जन्मभर तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं पडली, त्याला तीच हवीत. म्हणून भजनी मंडळात बस, दंडार हे आपलं लोकनाट्य पाहा, चाली गोळा कर.

दिवाळीला येशील तेव्हा काकूंकडून भुलाबाईची गाणी उतरवून आण, चालीसकट. इथल्या एक आजी दुसऱ्या कशालाच ओठ हलवत नाहीत, आणि मला दोनच येतात.

तुझाच,
मित्र