छोट्या वाढतोय

वानवडी, पुणे
रविवार, रात्री

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र गेल्या पावसाळ्यातलं आणि उत्तराला हा पावसाळा लागला. रागावला असशील तर राग, पण पत्र पुरं वाच. आईचा गुडघा बरा आहे, माझी साखर आटोक्यात आहे. तब्येतीचं एवढंच.

परवा छोट्या तबेल्यात चक्कर येऊन पडला. घोड्यावरून नाही, खाली उभा राहून खरारा करताना. पोरगं थेट घोडीच्या पायांत कोसळलं. घोडी शर्यतीतून निवृत्त झालेली, म्हातारी, शहाणी. खूर हलवला नाही तिने, मान वळवून त्याला हुंगत राहिली. शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, काल काय खाल्लंस? म्हणाला, काकडी. आणि परवा? गप्प.

पुढचं तुला सांगायला नको. म्हणूनच हे पत्र तुला, दुसऱ्या कुणाला नाही.

तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे घोडेस्वारी शिकायला आला तेव्हा त्याचा हात रिकिबीला पुरत नव्हता, म्हणून पोरांनी छोट्या नाव ठेवलं. आता साडेपंधरा वर्षांचा आहे आणि वर्षात चार इंच वाढलाय. पँटी घोट्याच्या वर चढल्यात. हात मात्र काय आहे रे त्याचा! तोंडाला जड असलेली, लगाम ओढत सुटणारी घोडी याच्या हाताखाली दुडकीवर येते आणि कान सैल सोडते. बत्तीस वर्षांत असा हात मी एकदाच पाहिला होता. कुणाचा ते तुला ठाऊक आहे.

आणि वजन एक्कावन्न किलो. शर्यतीत तळाच्या घोड्यांना पाठीवर पन्नास किलोच्या आसपासचं वजन ठरवून दिलेलं असतं, आणि त्यात जॉकीबरोबर खोगीरही आलं. हलक्या जॉकीला शिसं घालून वजन भरता येतं, जड जॉकीचं काय काढणार? अप्रेंटिसला नवखा म्हणून वजनात सूट असते, पण ती पदरात पडायची तर अंगाने आणखी हलकं असावं लागतं. हे सगळं त्याला मीच समजावलं, फळ्यावर आकडे लिहून. काटा मीच आणला. गेल्या महिन्यात दीड किलो उतरल्यावर शाबास म्हणून पाठही मीच थोपटली. पोरगं रात्री उपाशी झोपतं हे मला दिसायला हवं होतं. तुझ्यानंतर तरी दिसायलाच हवं होतं.

मे महिन्याच्या उन्हात, वजन उतरवायला अंगात रेनकोट घालून, एम्प्रेस गार्डनच्या रस्त्याने पळणारा तू मला अजून दिसतोस. मी अण्णांना सांगितलं आणि त्यांनी तुझा तबेलाच बंद केला. दीड वर्ष तू माझ्याशी बोलला नाहीस. चुगलखोर म्हणालास ते ठीक, पण लग्नातसुद्धा मला शेवटच्या पंगतीला बसवलंस. जिलेबी संपली होती, बाळ्या! ते मी विसरलेलो नाही.

आता पुन्हा तेच दार समोर आलंय. छोट्याचा बाप सईस आहे. पहाटे चारला उठून दुसऱ्यांची घोडी मळतो. पोरगा जॉकी होणार हे त्याने सगळ्या वस्तीला सांगितलंय. जुन्या काळच्या नामांकित जॉकी पांडू खाडेंच्या गोष्टी त्याला त्याच्या बापाने सांगितल्या, त्याने छोट्याला सांगितल्या. त्याच्यापाशी मी काय बोलू? आणि ट्रेनरच्या कानावर घातलं तर पोराचं नाव तिथल्या तिथे कटेल. न बोलावं, तर कोरड पडलेल्या अंगाने, उपाशी पोटी तो ताशी साठच्या वेगाने धावणाऱ्या घोड्यावर बसेल. समोरचा घोडा अडखळला तर सावरायला अर्धा क्षण मिळतो. तो अर्धा क्षण भूक खाऊन टाकते.

तू लंडनमधल्या ब्रिक्स्टनच्या त्या एबनी हॉर्स क्लबबद्दल लिहिलं होतंस ना, १९९६ पासून वस्तीतल्या पोरांना घोडेस्वारी शिकवणारा? खदीजा मेल्लाची गोष्ट मी इथल्या पोरांना चारदा सांगितली. १८ वर्षांची, हिजाब घालणारी मुलगी, शर्यतीच्या घोड्यावर पहिल्यांदा बसली आणि काही महिन्यांत, २०१९ मध्ये, गुडवुडच्या मैदानावर मॅग्नोलिया कप ही बायकांची शर्यत जिंकली! ती ऐकून दोन मुली यायला लागल्या. एकीचा बाप रोज भांडतो, तरी ती येते. पण खदीजा त्यानंतर विद्यापीठात शिकायला गेली. तिची रोजीरोटी त्या काट्यावर नव्हती. आमच्या पोरांना घोडा म्हणजे नोकरी, घरात येणारा पहिला खात्रीचा पगार.

मी त्याला दुसऱ्या वाटा सांगून पाहिल्या. पहाटे घोडे पळवणाऱ्या रायडिंग बॉयला थोडं वजन चालतं. नालबंदाचं काम आहे, चांगला नालबंद शोधून मिळत नाही. २०२३ च्या हांगझोऊ एशियाडमध्ये आपल्या चौघांनी ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली करून घेण्याच्या खेळाचं, सांघिक सुवर्ण आणलं, ४१ वर्षांनी घोडेस्वारीत सुवर्ण, आणि त्यात मुंबईचा हृदय छेडा होता, हेही सांगितलं. तिथे उंचीचं कुणाला काही नसतं म्हटलं. छोट्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, त्यांना घोडा कुणी घेऊन दिला?"

मला उत्तर देता आलं नाही. मला राग त्याच्या प्रश्नाचा नाही आला, त्या प्रश्नाला आपल्याकडे अजून उत्तर नाही याचा आला. जे पोरगं घोड्याची लीद काढतं, त्याला त्या घोड्यावर बसायला मिळण्यासाठी उपाशी मरावं लागू नये, एवढंच मला हवंय.

नव्या नोकरीचं कळलं, फार बरं वाटलं. वहिनींना नमस्कार. धाकटीचे दात आले का? फोटो पाठव.

आज छोट्याला घरी आणून जेवायला बसवलं. आईने समोर बसून दोन भाकऱ्या खायला लावल्या. तिसरीला तो रडला. भुकेने नाही, वजन वाढेल म्हणून.

बुधवारी ट्रेनरकडे त्याचं वजन होणार आहे. त्याआधी मला बापाशी बोलावं लागेल, आणि बापाच्याही आधी तू छोट्याशी बोलावंस असं वाटतं. तुझ्या उंचीचा, तुझ्या हाताचा माणूस त्याने अजून पाहिलेला नाही. त्याला सगळं सांग, रेनकोटचंही. आणि मला एक खरं सांग, तेव्हा अण्णांना सांगितलं ते तुला आज कसं वाटतं? इतक्या वर्षांत विचारलं नाही, धीर झाला नाही.

मंगळवारी तुझ्या दुपारी तीनला फोन कर, इथे साडेसात झालेले असतील. तो माझ्याकडेच असेल.

तुझाच,
दाद्या