लेखी मनाई असताना घासलेली नाणी आणि मोडीच्या हिशेबाने केलेले मूल्यांकन : तक्रार

रत्नागिरी
दिनांक : ९ सप्टेंबर २०२४

प्रति,
माननीय तक्रार निवारण अधिकारी,
नाणी मूल्यांकन व लिलाव विभाग

विषय : जुनी चांदीची व कांस्याची नाणी परवानगीशिवाय साफ करून त्यांचे कायमचे नुकसान केल्याबद्दल आणि चुकीच्या मूल्यांकन अहवालाबद्दल.

महोदय,

गेल्या मे महिन्यात मी माझ्या दिवंगत वडिलांच्या संग्रहातली काही परदेशी नाणी आपल्या संकेतस्थळावरून नोंदणी करून मूल्यांकनासाठी पाठवली होती. शुल्काचे १२,५०० रुपये आगाऊ भरले होते. आपल्या अर्जात ‘विशेष सूचना’ असा रकाना आहे. त्यात मी लिहिले होते, ‘कोणतेही नाणे घासू, धुऊ किंवा पॉलिश करू नये.’ या अर्जाच्या प्रतीवर आपल्या कर्मचाऱ्याची पोच आणि शिक्का आहे. ऑगस्टमध्ये नाणी परत आली तेव्हा चांदीची सगळी लखलखत होती आणि कांस्याची लालभडक झाली होती.

मी लगेच फोन केला. पलीकडून उत्तर आले, ‘मॅडम, चकचकीत नाण्याला गिऱ्हाईक लवकर मिळतं, आम्ही सगळ्यांचीच करून देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.’ हे पत्र मी मुख्यतः या वाक्यामुळे लिहीत आहे. एखाद्या नवख्या कामगाराच्या हातून चूक झाली असती तर ती वेगळी गोष्ट होती. पण आपल्याकडे हा रिवाजच आहे, आणि तो नाण्यांच्या जाणकार म्हणवणाऱ्या कंपनीचा आहे.

माझे वडील बोटीवर इंजिनरूममध्ये नोकरीला होते. एडन, पोर्ट सैद, पिनांग, हाँगकाँग अशा बंदरांवर उतरले की ते सराफांच्या आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांत जात. श्रीमंत संग्राहक ते कधीच नव्हते, पण प्रत्येक नाणे कुठून, केव्हा आणि कितीला घेतले ते खाकी पाकिटावर लिहून ठेवत. वजन, व्यास आणि कस (धातूची शुद्धता) यांची नोंद वहीत करत. मीही त्यांच्याकडूनच शिकले आणि गेली अनेक वर्षे नाण्यांचा अभ्यास करते आहे. त्यामुळे पाठवण्यापूर्वी प्रत्येक नाण्याचे वजन मी शंभरांश ग्रॅमपर्यंत नोंदवले आणि दोन्ही बाजूंचे व किनारीचे फोटो काढून ठेवले. पुढे जे लिहिले आहे त्याला या नोंदींचा आधार आहे.

सर्वांत मोठे नुकसान टॉलेमी या ग्रीक राजघराण्याच्या कांस्य नाण्याचे झाले आहे. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातले, इजिप्तमधले, सुमारे ६८ ग्रॅम वजनाचे जाडजूड नाणे. एका बाजूला झ्यूस-अमॉन या देवाचे मस्तक, दुसऱ्या बाजूला वज्रावर उभा गरुड आणि भोवती ग्रीक अक्षरांत ‘राजा टॉलेमीचे’. त्यावर गर्द तपकिरी, कुठे कुठे ऑलिव्हच्या फळाच्या रंगाचा गुळगुळीत थर होता. असा थर बसायला शतके लागतात, तो धातूचे रक्षण करतो आणि नाणे खरे असल्याची ती एक खूणही असते. आपल्याकडे तांब्याच्या भांड्याला चिंच लावून घासावे तसे ते घासले गेले. गरुडाच्या पंखांतल्या बारीक रेषा आता हाताला लागत नाहीत.

इतक्यावर थांबले असते तरी एक वेळ. थर खरवडून उघडे पडलेले हे कांस्य आपण मऊ प्लास्टिकच्या, उग्र वासाच्या पाकिटात घालून ऐन पावसाळ्यात कोकणात परत पाठवलेत. आठवड्याभरातच मस्तकाच्या मानेजवळ फिकट हिरवे ठिपके दिसू लागले. लाकडी काडीने हलकेच स्पर्श केला तर त्याची पूड पडते आणि खाली बारीक खड्डा दिसतो. संग्राहक याला कांस्यरोग म्हणतात. धातूत अडकलेली क्लोराइडे उघडी पडली की हवेतली ओल आणि ऑक्सिजन यांच्याशी त्यांची प्रक्रिया सुरू होते, तीतून आम्ल तयार होते आणि ते पुन्हा तांबे खाते. वेळीच थांबवले नाही तर नाणे आतून पोखरले जाते. सध्या ते मी हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवले आहे. त्यावर जाणकार संवर्धकाकडून उपचार करून घ्यावे लागणार आहेत. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात नाणी ठेवू नयेत, त्यातून सुटणारी आम्लद्रव्ये धातू खराब करतात, हे छंदाच्या पहिल्या वर्षी कळते. मी नाणी मायलरच्या, म्हणजे धातूला अपाय न करणाऱ्या प्लास्टिकच्या, पाकिटांत घालून वडिलांच्या खाकी पाकिटांसह पाठवली होती. ती बदलण्याचे कारण काय?

आता अहवालाबद्दल. याच नाण्यापुढे आपल्या तज्ज्ञांनी लिहिले आहे, ‘मध्यभागी दोन्ही बाजूंनी भोक पाडण्याचा प्रयत्न, नुकसान, किंमत कमी.’ टॉलेमींच्या मोठ्या कांस्य नाण्यांच्या दोन्ही बाजूंना मधोमध असा खळगा असतोच. छाप मारण्यापूर्वी कोरी चकती फिरवून साफ करताना ती पकडल्याची ही खूण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ज्या नाण्याला हा खळगा असायलाच हवा त्याची किंमत आपण त्याच खळग्यासाठी कापलीत, आणि ज्याने खरोखर नुकसान झाले त्या घासण्याचा अहवालात शब्दही नाही.

मेक्सिकोच्या टांकसाळीतले १८०६ चे आठ रियालचे नाणे वडिलांनी पिनांगला घेतले होते. त्यावर स्पेनचा राजा चौथा कार्लोस, त्याचा आकडा ‘IV’ असा न लिहिता चार उभ्या रेषांनी लिहिलेला. ही चांदी प्रशांत महासागर ओलांडून चीनमध्ये जाई. तिथले व्यापारी आणि सराफ नाणे पारखून घेत आणि खात्री पटली की आपल्या पेढीचा छोटा ठसा त्यावर मारत. या नाण्यावर असे बरेच ठसे होते. त्यांतला राजाच्या गालावरचा ठसा इतका स्वच्छ होता की त्यातले चिनी अक्षर भिंगाशिवाय वाचता येई. आपल्या अहवालात त्यांची नोंद ‘ओरखडे व खाचा’ अशी आहे. पॉलिशच्या चाकाने गालावरच्या ठशाच्या कडा इतक्या झिजल्या आहेत की तिथे आता नुसता खळगा उरला आहे. मेचा आणि आत्ताचा असे दोन्ही फोटो सोबत जोडले आहेत, ते शेजारी ठेवून पाहावेत. असे ठसे असलेली नाणी मुद्दाम गोळा करणारे संग्राहक जगभर आहेत. मेक्सिकोहून चीनपर्यंत आणि तिथून पिनांगपर्यंतचा त्या नाण्याचा प्रवास या ठशांतच वाचता येत होता.

ब्रिटिश व्यापारी डॉलरबद्दल लिहिताना मला विशेष वाईट वाटते. १९११ चे हे नाणे. हातात त्रिशूळ आणि ढाल घेतलेली ब्रिटानिया, म्हणजे स्त्रीरूपातले ब्रिटन, आणि मागच्या बाजूला चिनी व मलय लिपींत ‘एक डॉलर’. अहवालात टांकसाळ ‘लंडन’ लिहिली आहे. त्रिशुळाच्या मधल्या टोकावर भिंग धरले की खोदलेले ‘बी’ अक्षर दिसते, म्हणजे हे नाणे मुंबईच्या टांकसाळीचे आहे. १८९५ पासून हाँगकाँग आणि मलायाच्या व्यापारासाठी हे डॉलर प्रामुख्याने मुंबईतच पाडले गेले. फोर्टातल्या कामगारांनी पाडलेले नाणे हाँगकाँगच्या बाजारात फिरून एका कोकणी खलाशाच्या हातून परत आले, हे माझ्या वडिलांना फार अपूर्वाईचे वाटे. मराठी मुलखात नाण्यांचा धंदा करणाऱ्या कंपनीला ते अक्षर दिसू नये? पाठवताना या नाण्याचे वजन २६.८४ ग्रॅम होते, आता २६.७७ आहे. जी चांदी गेली ती वरच्या थरातली, म्हणजे जिथे टांकसाळीची मूळ झळाळी आणि शंभर वर्षांत चढलेली रंगछटा (टोनिंग) होती तिथलीच.

उलट ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा हिच्या छापाच्या थेलर या चांदीच्या नाण्याला आपण भलताच मोठा भाव लावलात, आणि तोही मला मान्य नाही. अहवाल म्हणतो, ‘१७८०, मूळ नाणे, दुर्मीळ.’ १७८० हे राणीच्या मृत्यूचे वर्ष. त्यानंतर तेच साल आणि तोच छाप ठेवून हे नाणे व्हिएन्नाबरोबरच रोम, लंडन, पॅरिस, ब्रुसेल्स, बर्मिंगहॅम अशा ठिकाणी पाडले गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आपल्या मुंबईतही. कारण इथिओपिया आणि अरबस्तानातले व्यापारी याच तोंडवळ्याचे नाणे मागत, राणीच्या ब्रूचवरचे मोती तपासून घेत. त्यामुळे नुसत्या सालावरून थेलर ओळखता येत नाही. ब्रूचची ठेवण, गरुडाच्या शेपटीची पिसे, किनारीवरच्या लॅटिन शब्दांमधली नक्षी असे सगळे जुळवून पाहावे लागते. आमचा थेलर विसाव्या शतकातला आहे हे वहीत स्पष्ट लिहिले आहे आणि वहीच्या त्या पानाची प्रत मी नाण्यांसोबत दिली होती. उद्या या अहवालाच्या भरवशावर मी ते मूळ म्हणून विकले तर घेणाऱ्याची फसवणूक होईल, आणि सही मात्र आपल्या तज्ज्ञांची असेल.

अहवालातला आणखी एक रकाना मला कळला नाही. तिन्ही चांदीच्या नाण्यांपुढे शुद्धता ‘९२५’ (हजार भागांत ९२५ भाग चांदी) छापली आहे आणि त्यावरून, त्या दिवशीच्या चांदीच्या भावाने, रक्कम काढली आहे. ब्रिटिश डॉलरची चांदी हजारी ९००, त्या काळच्या आठ रियालची ८९६ आणि थेलरची ८३३. २८.०७ ग्रॅमच्या थेलरमध्ये शुद्ध चांदी साधारण २३.४ ग्रॅम असते, आपल्या हिशेबाने ती जवळपास २६ ग्रॅम होते. म्हणजे मोड म्हणून विकायचे ठरवले तरी हा हिशेब चुकतो. कस तपासलाच नाही, असा याचा सरळ अर्थ निघतो. नाण्याला धक्का न लावता तपासणी करता येते. मी घरी साध्या डिजिटल काट्यावर पाण्याचा पेला ठेवला, थेलर दोऱ्याने पाण्यात लोंबकळत धरला आणि काट्यावर वाढलेले वजन पाहिले. २.७५ ग्रॅम आले. २८.०७ ला त्याने भागले की १०.२ येतात, आणि ८३३ च्या चांदीची घनता तेवढीच असते. निव्वळ काटा, पेला आणि दोरा यांनी जे कळते त्यासाठी मी १२,५०० रुपये मोजले होते.

आपल्या प्रतिनिधीने ‘सगळा लॉट हाँगकाँगच्या गिऱ्हाइकाकडे पाठवू’ असेही फोनवर सुचवले. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते आणि कोणाही खासगी व्यक्तीला ते असे देशाबाहेर पाठवता येत नाही. या सूचनेला माझा स्पष्ट नकार आहे, तो नोंदवून घ्यावा.

आता माझ्या मागण्या. मूल्यांकन शुल्क पूर्ण परत मिळावे आणि हा अहवाल रद्द केल्याचे लेखी कळवावे. नाण्यांवर नेमके कोणते रसायन, पावडर किंवा चाक वापरले ते मला या आठवड्यात सांगावे. टॉलेमीच्या नाण्यावर पुढचा उपचार काय करायचा ते त्यावर अवलंबून आहे आणि तिथे रोज उशीर होतो आहे. त्या उपचाराचा खर्च आपण सोसावा. घासलेल्या सगळ्या नाण्यांचे आधीचे फोटो आणि आत्ताची स्थिती पाहून त्रयस्थ नाणकतज्ज्ञाने जी घट ठरवावी ती भरपाई म्हणून मिळावी. आंतरराष्ट्रीय प्रतवारी संस्था घासलेल्या नाण्याला १ ते ७० च्या मापातला अंक देत नाहीत, नुसता शेरा मारून बाजूला काढतात. तेव्हा ही घट किरकोळ नाही आणि ती कधीच भरून येणारी नाही, हे आपल्या तज्ज्ञांना ठाऊक असायला हवे. शिवाय परवानगीशिवाय नाणी साफ करणे आपण बंद केले, असे आपल्या अर्जावर आणि संकेतस्थळावर ठळक लिहावे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांची पुरचुंडी विश्वासाने आपल्याकडे पाठवणारे माझ्यासारखे कितीतरी लोक असतील, आणि त्यांतल्या बहुतेकांना चकाकी म्हणजे फायदाच झाला असे वाटत असेल.

यापेक्षाही निकडीची मागणी पाकिटांची आहे. वडिलांच्या अक्षरातली ती खाकी पाकिटे परत आलेल्या पार्सलमध्ये नाहीत. बंदराचे नाव, तारीख, दुकान, किंमत हे सगळे त्यांच्यावर होते. ‘पॅकिंग मटेरियल काढून टाकले’ असे मला सांगण्यात आले. नाणे कोणाकडून, कुठून आले याची समकालीन नोंद हा त्या नाण्याचा इतिहास असतो. पुढचा खरेदीदार, संग्रहालय किंवा अभ्यासक सर्वांत आधी हीच नोंद मागतो, आणि आमच्या घरात तर ते वडिलांचे हस्ताक्षर आहे. ती पाकिटे गोदामात, रद्दीच्या पोत्यात, टेबलाच्या खणात जिथे असतील तिथे आजच शोधायला सांगावे. फाटलेली, चुरगळलेली, अर्धी असली तरी चालतील, पण मला परत हवीत.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे बंधनकारक आहे. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली मी रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. नव्या कायद्याने मला माझ्या राहत्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते. नाणी पुन्हा आपल्या ताब्यात देण्याची माझी तयारी नाही. आपल्या तज्ज्ञांना ती पाहायची असतील तर त्यांनी रत्नागिरीला यावे, माझ्या घरी माझ्यासमोर पाहावीत.

आपली,
एक ग्राहक
(नाव, पत्ता व दूरध्वनी अर्जात नोंदवल्याप्रमाणे)

सोबत : पोच असलेल्या अर्जाची प्रत, शुल्काची पावती, मूल्यांकन अहवालाची प्रत, नाण्यांचे मे व ऑगस्टमधले फोटो, वजनांची नोंद, वडिलांच्या वहीतल्या संबंधित पानांच्या प्रती.