कोणत्या खिडकीला काय लावायचं

प्रिय सई,
अनेक आशीर्वाद.

खिडक्यांची दोन्ही कोटेशनं नीट वाचली. सगळ्या घराला विजेने रंग बदलणारी काच बसवायची की साधी दुहेरी काच घेऊन आतून मोटरचे ब्लाइंड लावायचे, असं तू विचारलंस. माझं मत आधीच सांगते. पूर्ण घराला ती काच नको. झोपायच्या खोल्या, बाळाची खोली आणि तुझं कामाचं टेबल, इथे ब्लाइंडच लावा. जिन्यावरच्या त्या उंच, बंद तावदानाला मात्र रंग बदलणारी काच घेतलीत तर मला आनंदच होईल.

त्या काचेचं शास्त्र मला मनापासून आवडतं, म्हणून तिची बाजू आधी मांडते. काचेवर अतिशय पातळ थर दिलेले असतात, त्यांतला एक बहुतेक वेळा टंगस्टन ऑक्साइडचा. अगदी थोड्या व्होल्टचा दाब दिला की लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, शेजारच्या थरातून निघून त्यात शिरतात आणि काच निळसर गडद होते. दाब उलटा केला की आयन परत जातात, काच निवळते. टंगस्टन ऑक्साइडचा हा गुण सत्येन देब या शास्त्रज्ञांनी १९६९ साली दाखवून दिला होता. वीज लागते ती मुख्यतः रंग पालटताना. तो टिकवायला फारच थोडी. निवळ असताना अशी काच साधारण ६० टक्के उजेड आत घेते, पूर्ण गडद झाली की १ टक्क्याच्या आसपास. शिवाय उन्हाची बरीचशी उष्णता बाहेरच्या काचेवरच अडते, आणि तरीही झाड, आभाळ, रस्ता दिसत राहतो. हे सुख कुठलंही कापड देत नाही.

पण त्या १ टक्क्याचा हिशेब करून बघ. उजेड लक्स या एककात मोजतात. भर दुपारी उघड्यावर लाखभर लक्स उजेड असतो. त्याचा १ टक्का म्हणजे हजार लक्स, आणि टेबलावर बसून लिहा-वाचायला पाचशे लक्स पुरे होतात. म्हणजे खिडकीवर थेट ऊन असताना काच पूर्ण गडद केली तरी बाळाला दुपारी झोपवण्याइतका अंधार होणार नाही. तुझ्या टेबलाचंही तेच. खिडकी पश्चिमेची आहे. संध्याकाळचा सूर्य खाली उतरून बरोबर डोळ्यांसमोर येईल तेव्हा गडद काचेतूनही त्याचं बिंब टोचेल. बोइंग ७८७ विमानात २०११ पासून खिडकीला झडप नाही, बटणाने गडद होणारी खिडकी आहे. उन्हाच्या बाजूला बसलेल्या बऱ्याच प्रवाशांची तक्रार हीच असते, की खिडकी गडदपणाच्या शेवटच्या पायरीवर नेऊनही ऊन जाणवत राहतं.

वेळही लागतो. मोठं तावदान पूर्ण गडद व्हायला काही मिनिटं, कधी पंधरा-वीसही, आणि थंडीत त्याहून जास्त. ढग येऊन सरकून जातो तरी काच अजून रंग बदलतच असते.

रात्रीचा विचार तर कोटेशन देणाऱ्याने केलेलाच दिसत नाही. आत दिवा आणि बाहेर अंधार असला की गडद काचेतूनही माणसांच्या हालचाली बाहेरून कळतात. म्हणजे कपडे बदलायच्या खोलीला काचेवर खर्च करूनही पडदा लावावाच लागणार. मग तो खर्च तिथे कशाला?

आणखी एक गोष्ट नीट बघ. तू पाठवलेल्या व्हिडिओत बटण दाबताच क्षणात दुधाळ होणारी काच आहे. कोटेशनमध्ये आहे ती काच ही नव्हे. दुधाळ काचेत द्रवस्फटिकांचा थर असतो. वीज चालू असेपर्यंत ती पारदर्शक राहते आणि वीज गेली की दुधाळ होते. न्हाणीघराला ती चांगली, कारण आड हवा आणि उजेडही हवा. पण ती उजेड अडवत नाही, नुसता विखुरते, त्यामुळे उष्णतेवर तिचा फारसा उपयोग नाही. विक्रेत्याला स्पष्ट विचार: नक्की कोणती काच देणार, आणि निवळ व गडद अशा दोन्ही स्थितींत उजेड किती टक्के आणि उष्णता किती टक्के आत येणार? हे आकडे लेखी घे.

आता ब्लाइंड. त्यांचाही एक मोठा उणेपणा आहे. आतल्या बाजूचा ब्लाइंड ऊन अडवतो ते काचेतून आत आल्यानंतर. कापड तापतं आणि ती उष्णता बरीचशी खोलीतच राहते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचे आकडे आहेत, की चांगले परावर्तक ब्लाइंड पूर्ण बंद केले तर आत येणारी उन्हाची उष्णता सुमारे ४५ टक्के कमी होते. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून छत्रीसारखं कापड लावलं तर हीच घट ७७ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून बैठकीच्या खोलीतल्या त्या मोठ्या पश्चिम खिडकीला बाहेरून उतरणारा मोटरचा पडदा बघा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. फक्त त्याला वाऱ्याचा सेन्सर हवाच. जोराचा वारा सुटला की तो आपोआप वर गुंडाळला गेला पाहिजे.

मोटर म्हणजे नसती चैन, असं निखिलला वाटतं. त्याला त्याच विभागाचं आणखी एक निरीक्षण सांग: घरांतले सुमारे ७५ टक्के पडदे रोज आहेत त्याच स्थितीत राहतात. कोणी हातच लावत नाही. माणसं कामात असतात, विसरतात. ऊन यायच्या आधी खाली आणि सूर्य मावळला की वर, एवढं वेळापत्रक एकदा लावून दिलं की ब्लाइंडवर घातलेले पैसे खरोखर उपयोगी पडतात.

आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते दोरीचं. ओढायच्या दोऱ्या आणि मण्यांच्या साखळ्या यांत गळा अडकून लहान मुलं दगावली आहेत, आणि हे फार थोड्या वेळात, आवाजही न होता घडतं. बाळ आता उभं राहायला लागेल. घरात एकाही खिडकीला लोंबती दोरी नको, मागच्या खोलीतल्या स्वस्त ब्लाइंडलाही नको. मोटर घ्या नाहीतर हाताने सरकवायचा बिनदोरीचा घ्या, पण यात तडजोड करू नकोस. आणि पाळणा खिडकीपासून लांब ठेव.

दुरुस्तीत ब्लाइंड सरस ठरतात. मोटर बिघडली तर एका खिडकीची मोटर बदलता येते, कापड मळलं तर कापड. रंग बदलणारी काच बिघडली तर दोन्ही काचांचं अख्खं तावदान काढावं लागतं, आणि ते त्याच कंपनीकडून, काचेचा रंग पालटणाऱ्या त्याच कंट्रोलरला जुळणारं आणावं लागतं. या क्षेत्रातल्या व्ह्यू या मोठ्या अमेरिकन कंपनीने २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला होता. तावदान तुमच्या भिंतीत कितीतरी वर्षं राहणार आहे, तेव्हा सुटे भाग कोण देणार हे विचारूनच एका खिडकीपुरतीसुद्धा ती घ्या. जिन्यावरच्या तावदानाला ती मला चालते, कारण तिथे हात पोचत नाही, पूर्ण अंधार लागत नाही आणि आभाळ दिसणं हीच त्या जागेची शोभा आहे.

ब्लाइंडची मोटर घेताना ती मॅटर या मानकाची आहे का ते बघ. वेगवेगळ्या कंपन्यांची घरातली स्मार्ट उपकरणं एकमेकांशी जुळावीत म्हणून हे मानक आहे. ते २०२२ मध्ये आलं आणि त्यात पडद्यांचा समावेश सुरुवातीपासून आहे, त्यामुळे एकाच कंपनीच्या ॲपला बांधून घ्यावं लागत नाही. भिंतीवर साधं बटणही हवं. इंटरनेट बंद पडलं किंवा पाहुण्यांपैकी कोणी खोलीत असलं तरी पडदा हलला पाहिजे.

एक काम मात्र याच आठवड्यात करा. गिलावा व्हायच्या आत इलेक्ट्रिशियनला सांगून प्रत्येक खिडकीच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत वायरचा पाइप टाकून घ्या, जिथे आज काहीच लावणार नाही तिथेही. बॅटरीच्या मोटरला दर काही महिन्यांनी चार्जिंग लागतं आणि उंचावर ते नको होतं. खिडकीची चौकट भिंतीत किती खोल आहे तेही मोजून पाठव, ब्लाइंड चौकटीच्या आत बसेल की वर लावावा लागेल ते त्यावर ठरेल. मोजताना वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी रुंदी घे आणि त्यांतली सर्वांत कमी धर.

निखिलला आशीर्वाद, बाळाला गोड पापा.

तुझी,
आई