फ्रीज उभा नेता, मग टीव्ही आडवा का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमचं 11 महिन्यांचं ॲग्रीमेंट संपलं आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही धनकवडीहून वाकडला शिफ्ट झालो. जेमतेम वीस-बावीस किलोमीटरचं अंतर, सगळा बायपासचा रस्ता. कपबशा धड आल्या, देव्हाऱ्याची काच धड आली, सासूबाईंची कैरीच्या लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन मी रिक्षातून आले तीसुद्धा आली. फुटला तो टीव्ही. 55 इंची, दिवाळीत घेतलेला. 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचाच्या वरच्या टीव्हीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला तेव्हा आमच्यासारख्या कितीतरी जणांनी लांबणीवर टाकलेली खरेदी उरकून घेतली, आम्ही पण बारा हप्त्यांवर घेतला. त्यातले चार हप्ते अजून जायचेत.

हे पत्र भरपाईसाठी नाहीये, त्याचं माझं मी बघतेय, आणि पॅकर्सवाल्यांचं नाव पण मुद्दाम लिहीत नाही कारण हे एकट्या त्यांच्यापुरतं नाहीच. नव्या सोसायटीत दोन मजले वर एकांचा याच पद्धतीने गेलाय, माझ्या ऑफिसमधल्या एकीचा गेल्या वर्षी गेला. सगळ्यांची गोष्ट सेम. म्हणून वाटलं की पेपरात लिहावं, कुणाचातरी टीव्ही फुटायचा वाचेल.

टीव्ही फुटला म्हणजे काच खळकन फुटली असं काही झालं नाही. पोरांनी वर आणला, भिंतीला टेकवला, गोधडी काढली, स्क्रीन काळी चकचकीत, साधा ओरखडा नाही. मी स्वतः हात फिरवून बघितला. मिस्टरांनी कागदावर सही केली, 'सर्व सामान सुस्थितीत मिळाले', पोरांना चहापाण्याचे पैसे दिले, टेम्पो गेला. रात्री 9 वाजता आई म्हणाल्या लावा जरा, बातम्या तरी बघू. लावला तर डाव्या खालच्या कोपऱ्यातून कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा वर गेलेल्या, मधोमध शाई सांडावी तसा काळा डाग आणि उजवीकडे वरपासून खालपर्यंत हिरव्या-गुलाबी पट्ट्या. आवाज एकदम स्वच्छ येत होता, बातम्या देणारी मुलगी बोलत होती पण तिचं तोंडच दिसत नव्हतं. सकाळपर्यंत तो डाग पसरून तळहाताएवढा झाला.

सर्व्हिस सेंटरचा माणूस आला त्याने नीट समजावून सांगितलं, तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपण काय वस्तू घेऊन फिरतोय. आपण हात लावतो ती काच नसतेच, ती वरची फिल्म असते. तिच्या आत काचेचे दोन पत्रे असतात, एकेक साधारण अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास, आणि त्या दोघांच्या मधे तो लिक्विड क्रिस्टलचा थर. म्हणून काच आत तडकते आणि हाताला वर काही लागत नाही. तो काळा डाग म्हणजे आतला तो थर बिघडलेला. आणि उभ्या पट्ट्या का, तर पॅनलच्या कडेला कागदासारख्या पातळ पट्ट्या चिकटवलेल्या असतात ज्यातून चित्राचा सिग्नल जातो, त्या दबल्या किंवा सुटल्या की तेवढ्या भागाची उभी रेघ जाते. त्याने विचारलं, आणताना आडवा ठेवला होता का हो? वॉरंटीत बसत नाही म्हणाला, बाहेरून मार लागला की वॉरंटी नसते. पॅनल बदलायचा खर्च 34 हजार सांगितला. टीव्ही 46 हजारांचा.

आडवाच ठेवला होता. मी खाली उभी राहून बघत होते. टेम्पोच्या हौद्यात सगळं भरून झालं, वर दोन गाद्या टाकल्या, गाद्यांवर टीव्ही आडवा, स्क्रीन वर, त्याच्यावर कपड्यांची दोन गाठोडी आणि वरून नाडा आवळला. मी विचारलं पण होतं, तर तो मुलगा म्हणाला ताई गादीवर ठेवलाय, यापेक्षा सेफ काय असणार. मलाही पटलं. गादी मऊ, टीव्ही वर, त्याच्यावर जड काही नाही.

तर ते तसं नसतं. 55 इंची स्क्रीन म्हणजे जवळजवळ 122 सेंटिमीटर लांब आणि 68 सेंटिमीटर रुंद, एवढा मोठा पातळ पत्रा आणि त्याला घट्ट आधार फक्त चार कडांना. उभा असला की त्याचं वजन त्याच्याच कडेवर येतं, काचेला वाकायला कारण नाही. आडवा केला की मधला भाग वाळत घातलेल्या पापडासारखा झोल खातो, आणि स्पीडब्रेकर आला की तो मधला भाग खाली-वर, खाली-वर. त्यात गादी म्हणजे उलट वाईट, कारण ती एका बाजूने दबते, टीव्ही पिळला जातो, आणि वरच्या गाठोड्याचा भार बरोबर मधे. वारज्याच्या पुढे टेम्पो दोनदा आदळला हे मिस्टरांना आठवतंय, ते ड्रायव्हरशेजारी बसले होते.

आता मला सांगा, फ्रीज आडवा करू नका हे आपल्याकडे शाळकरी पोरगं पण सांगतं. फ्रीज उतरवताना खाली वॉचमन, शेजारचे काका, इस्त्रीवाला, सगळे ओरडतात, अरे उभा उभा, आडवा नको, आणि नवीन घरी आल्यावर लगेच चालू करू नका असंही चारजण सांगून जातात. आमच्या शिफ्टिंगला पण हेच झालं, फ्रीज तिघांनी अगदी देवाच्या मूर्तीसारखा उभा नेला. आणि त्याच पोरांनी, त्याच टेम्पोत टीव्ही झोपवला आणि कुणीही ओरडलं नाही. मला वाटतं आपल्या सगळ्यांच्या डोक्यात अजून तो जुना डबा टीव्हीच आहे. त्याची पुढची काच चांगली जाड असायची, तो उचलायला दोन माणसं लागायची, गोणपाटात गुंडाळून एसटीच्या टपावरून पण यायचा आणि गावी जाऊन चालू व्हायचा. टीव्ही बदलले पण तो न्यायची आपली रीत तीच राहिली.

याच्या उलट माझ्या दिरांचं सांगते. भाऊजींची कोल्हापूरहून पुण्याला बदली झाली, जूनच्या मधे सामान आलं, त्यांचा 65 इंची, आमच्यापेक्षा मोठा. आमचा अनुभव ताजा म्हणून मी दोन दिवस आधी गेले होते. त्यांनी मूळ खोका ठेवला होता, माळ्यावर, चपटा करून, आणि थर्माकोलचे तुकडे वेगळ्या पोत्यात. जाऊबाई दोन वर्षं म्हणत होत्या की रद्दीत टाका, जागा अडते, पण टाकला नव्हता. त्या खोक्यानेच काम केलं. आदल्या रात्रीच प्लग काढून ठेवला. सकाळी मागच्या वायरींचा फोटो काढला, कुठली एचडीएमआय कुठे ते, मग वायरी सोडल्या. ब्रॅकेटवरून काढताना दोघांनी दोन बाजूंनी धरला, एक हात खाली कोपऱ्यापाशी आणि एक हात मागे पाठीला, अंगठा स्क्रीनवर कुठेच नाही आणि खालच्या पट्टीच्या मधोमध पण नाही. ब्रॅकेटचे स्क्रू छोट्या पिशवीत घालून ती पिशवी ब्रॅकेटलाच चिकटवली, त्यामुळे इकडे आल्यावर शोधाशोध नाही. स्क्रीनवर आधी धुतलेली मऊ सुती चादर, मग फोम शीट. बबल रॅप डायरेक्ट स्क्रीनला लावू दिला नाही कारण फुगे दाबून बसले तर ठसे उमटतात, तो वरून गुंडाळला, आणि चिकटपट्टी फक्त रॅपला, टीव्हीला कुठेही नाही. मग थर्माकोलच्या खाचांमधे बसवून खोक्यात उभा.

टेम्पोत ठेवायची वेळ आली तेव्हा तिथल्या हमालांनी पण तेच केलं, वर गादीवर ठेवायला निघाले. भाऊजींनी थांबवलं. केबिनच्या मागच्या पत्र्याला एक गादी उभी लावली, तिला टेकवून टीव्हीचा खोका उभा, पलीकडून दुसरी गादी उभी, मग कपाटाची सपाट पाठ, आणि पट्ट्याने बांधलं पण आवळलं नाही, हलणार नाही एवढंच. फ्रीज आणि शेगडी लांब, दुसऱ्या टोकाला. बाहेर खडूने मोठ्ठं लिहिलं, 'उभाच ठेवा', मराठीत आणि हिंदीत, कारण खोक्यावर जे वर बाण असतात त्यांच्याकडे कोणी बघत नाही. कराड सोडल्यापासून पाऊस होता, ताडपत्री होती तरी खोका वरून दमट झाला होता, म्हणून घरी आल्यावर उघडून तीन तास तसाच ठेवला, आत दव धरलं असेल तर सुकू दे म्हणून. आणि मग हमाल जायच्या आत, सही करायच्या आत, भिंतीला न लावताच स्टँडवर उभा करून चालू केला. पांढरी स्क्रीन लावून कोपरे बघितले. मी श्वास धरून उभी होते खरं सांगते. एक डाग नाही. 230 किलोमीटर आला तो टीव्ही खंबाटकीतून, आणि आमचा वीसमधे गेला.

पैशांचं पण थोडं लिहिते कारण इथे लोक जास्त फसतात. आमच्या बिलात रिस्क चार्जेस म्हणून मालाच्या किमतीवर टक्केवारी लावली होती, आम्हाला वाटलं इन्शुरन्स झाला. नंतर पॉलिसी नंबर मागितला तर नंबरच नाही, कुठल्याच विमा कंपनीची पॉलिसी काढलेली नव्हती, आणि मागे बारीक अक्षरात ओनर्स रिस्क छापलेलं, म्हणजे नुकसान झालं तर ते ज्याचं सामान त्याचं. तेव्हा पैसे भरायच्या आधी पॉलिसीची कॉपी मागा, तीत टीव्हीची किंमत वेगळी लिहिली आहे का ते बघा. बाहेरगावी सामान पाठवताना तर बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टरच्या मालपावतीवर, टीव्ही, त्याचे इंच, किंमत आणि 'चालू स्थितीत' असं लिहूनच घ्या. 2007 चा रस्ते मालवाहतुकीचा कायदा आहे, त्यात ट्रान्सपोर्टरची जबाबदारी एरवी भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते, त्याहून जास्त हवी असेल तर आधी किंमत सांगून जास्तीचा दर भरावा लागतो, आणि नुकसान झालं तर बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते, ती दिली नाही तर दावाच करता येत नाही. फोनवर भांडण्यात हे दिवस निघून जातात. ग्राहकांसाठी 1915 हेल्पलाइन आहे, मी तिथूनच सुरुवात केली, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही. निघण्याआधी चालू टीव्हीचा तारखेसकट व्हिडिओ काढून ठेवला असता तर मला आज बोलायला जागा राहिली असती, तो आम्ही काढला नाही.

अजून एक, लिफ्टचं. बऱ्याच सोसायट्यांत शिफ्टिंगला लिफ्ट देत नाहीत, मग एवढा मोठा खोका जिन्याने, आणि जिन्याच्या वळणावर जागा पुरत नाही म्हणून पोरं तो तिथे आडवा-तिडवा करतात. 55 इंचीचा खोका साडेचार फुटांच्या आसपास असतो, 65 इंचीचा सव्वापाचच्या. सेक्रेटरी मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे की बाकी सामान जिन्याने न्या म्हणा, पण टीव्हीसाठी पाच मिनिटं लिफ्ट द्या. आणि घेणाऱ्यांनी पण नवीन घर बघायला जाल तेव्हा टेप घेऊन लिफ्टचं दार आणि जिन्याचं वळण मोजून या.

खरं म्हणजे हे सांगायचं काम दुकानात आणि इन्स्टॉलेशनच्या वेळी व्हायला पाहिजे. आमच्याकडे जो मुलगा टीव्ही लावायला आला होता त्याने रिमोट शिकवला, ॲप टाकून दिले, एक्स्टेंडेड वॉरंटी घ्या म्हणून अर्धा तास बसला, आणि जाताना म्हणाला मॅडम खोका मी नेऊ का टाकायला? मी हो म्हटलं. त्याऐवजी त्याने एक वाक्य सांगितलं असतं, खोका ठेवा आणि हा कधी आडवा करू नका, तर पुरलं असतं. पॅकर्सवाल्यांनीही आपल्या पोरांना एक दिवस बसवून हे शिकवावं, ती पोरं काही मुद्दाम फोडत नाहीत, दिवसाला दोन-दोन घरं हलवतात, त्यांना कुणी सांगितलेलंच नाही की आत अर्ध्या मिलीमीटरची काच आहे.

आणि आपल्याला एक विनंती. एप्रिल-मेमधे, शाळा सुरू व्हायच्या आधी, निम्मं पुणे घरं बदलत असतं आणि आपल्या पेपरात घरांच्या आणि शिफ्टिंगच्या जाहिरातींची पानंच्या पानं असतात. त्याच पानावर एका कोपऱ्यात चार ओळींची चौकट छापता आली तर बघा, टीव्ही उभा न्या, चालू करून बघितल्याशिवाय सही करू नका. आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर मी माझ्या हाताने लिहून लावलंय, 31 तारखेला तिसऱ्या मजल्यावरचं एक कुटुंब जातंय, त्यांनी काल येऊन विचारलं की ताई तुमच्याकडे फोम शीट उरलीये का.

आपली नम्र,
एक वाचक,
वाकड, पुणे